मुका सोमवार

नीलाबाईला उपवासाचा त्रास नव्हता, जावेच्या उपवासाचा होता.

स्वतः ती लग्न झाल्यापासून श्रावणी सोमवार धरत आली होती. नवऱ्यासाठी नाही, पोरांसाठी नाही. पहिल्याच वर्षी कपिलधारच्या देवळाच्या पायऱ्यांवर, पोटात अन्नाचा कण नसताना, तिला वाटलं होतं की कुणीतरी अगदी शेजारी येऊन बसलंय. वळून बघितलं तर कोणी नव्हतं, पण पोट भरल्यासारखं झालं होतं. ते पुन्हा व्हावं म्हणून ती दर सोमवारी उपाशी राहायची. पुन्हा काही झालं नव्हतं. व्हायचं ते एवढंच की दुपारपासून डोकं ठणकायचं, आणि दुकानातल्या गड्यापासून मांजरापर्यंत सगळ्यांवर ती खेकसायची.

अशात धाकटी जाऊ प्रणिता आली. अंबाजोगाईला कॉलेज शिकलेली, विभूतीच्या पट्ट्यापेक्षा टिकलीच मोठी. दिराने बीडच्या स्टँडजवळ नवा एसटीडी बूथ टाकला होता, तिथे बसून ही दिवसभर लोकांना फोन जोडून द्यायची. हिला उपवास काय झेपणार, असं नीलाबाईने धरूनच ठेवलं होतं. पण पहिल्या सोमवारी ही संध्याकाळी हसत घरी आली.

"आक्का, दुपारनंतर भूकच लागंना. कुनीतरी शेजारी येऊन बसल्यावानी वाटतंय बघा. तुमाला बी होत असंल की."

"होतंय की," नीलाबाई म्हणाली, आणि पोटात असं काही जळलं की भूक त्यापुढे काहीच नव्हती. इतकी वर्षं वाट बघायची आपण, आणि त्याने जाऊन बसायचं एसटीडी बूथमध्ये!

श्रावणातला शेवटचा सोमवार आला. घरचा नेम असा की दिवस मावळला की गळ्यातल्या लिंगाची पूजा करून उपवास सोडायचा, पण मुक्याने. जेवताना तोंडातून शब्द गेला की ताटावरून उठायचं, आणि दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत नुसत्या पाण्यावर राहायचं. दोघी जावा शेजारी शेजारी बसल्या. सासू वत्सलाबाई वाढत होत्या. त्यांना शुगर, म्हणून उपवास नाही आणि बोलायला मोकळ्या.

"काय तेज आलंय पोरीच्या तोंडावर," प्रणिताच्या भातावर वरण ओतत त्या म्हणाल्या. "महादेव लई खूश हाय हिच्यावर."

"अन् माझ्यावर काय रुसलाय?"

शब्द गेला तो गेला. नीलाबाईचा पहिला घास अजून हातातच होता. वत्सलाबाईंनी कपाळाला हात लावला. नीलाबाईने घास ताटात ठेवला, हात धुतले आणि मागच्या ओट्यावर जाऊन बसली. रडू येत होतं, पण कोणी बघितलं तर नेमकी प्रणिताच बघेल म्हणून तिने तेही गिळलं.

आतून प्रणिताचा आवाज आला. अगदी स्पष्ट, मुद्दाम काढलेला.

"वरणात मीठ कमी हाय."

थोड्या वेळाने ती हात पुसत बाहेर आली आणि ओट्यावर शेजारी टेकली.

"तू कावून उठलीस?" नीलाबाईने विचारलं.

"तुमी एकट्या उपाशी ऱ्हायल्या असत्या."

म्हणजे चांगुलपणातही हिलाच पुढे जायचं होतं. नीलाबाईने तोंड फिरवलं. तेवढ्यात शेजारून मोठी गुरगुर ऐकू आली. प्रणिताचं पोट होतं ते.

"आज लई भूक लागली, आक्का," ती ओशाळून म्हणाली. "आज कुनीच आलं न्हाई शेजारी."

उभ्या श्रावणात झाला नव्हता एवढा आनंद नीलाबाईला झाला. पोट भरलं अगदी. मग तिच्या लक्षात आलं की ते खरंच भरलंय. डोकं ठणकायचं थांबलं होतं आणि भुकेचा पत्ता नव्हता. तिने दचकून शेजारी वळून बघितलं, तर तिथे पोट धरून बसलेली प्रणिता.

नीलाबाईने आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि आधी तिच्या हातात दिला. आपली भूक गेल्याचं मात्र तिला काही सांगितलं नाही. एवढं एक तरी आपल्या एकटीचं असू दे, असं तिला वाटलं.