विंझ्यांच्या नावाची यादी

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझी गोष्ट गोड नाही. एका बाईचा केसाने गळा कापला गेला आणि त्या कामाचा खडू माझ्याच अंगावर फिरला. माझा त्यात काय दोष, असं तुम्ही म्हणाल. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगत आलो.

माझा जन्म शिरपूरचा. लोटन मिस्तरींनी मोडक्या सागवानी दाराची फळी रंधा मारून मला घडवलं. जुने सेल फोडून त्यांतली काळी पूड काढली, धोतऱ्याच्या पाल्याच्या रसात कालवली आणि माझ्या अंगावर तीन हात दिले. "पन्नास वर्षं याच्याकडे बघायला नको," असं म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला चार पायांच्या लाकडी घोड्यावर चढवून एका लहानशा वाचनालयाच्या ओट्यावर उभं करण्यात आलं. सुरुवातीची माझी नोकरी अगदीच रटाळ होती. 'उद्या वाचनालय बंद राहील.' 'पुस्तकांची पानं दुमडू नयेत.' लोक जाता जाता वाचायचे आणि पानं दुमडायचेच.

माझं नशीब फिरवलं ते ग्रंथपाल लीलाधर भाऊंनी. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, सदऱ्याच्या खिशात कायम एक पेन्सिल, आणि वाचनालयातलं एकही पुस्तक वाचायचं राहिलेलं नाही, असा हा माणूस. सत्त्याऐंशी साली त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. मोठमोठ्या कादंबरीकारांना त्यांनी जोडकार्डं पाठवली. अर्ध्या कार्डावर विनंती : 'अमुक विषयावरची वाचावीत अशी पाच पुस्तकं आमच्या वाचकांना सुचवा.' दुसरं अर्धं कार्ड उत्तरासाठी कोरं, त्यावर वाचनालयाचा पत्ता आधीच लिहिलेला.

आणि उत्तरं आली हो! पहिली यादी 'पाणी' या विषयावरची. दुसरी 'लांबचा प्रवास'. दर महिन्याच्या एक तारखेला लीलाधर भाऊ मला आत टेबलापाशी घेत, ओल्या फडक्याने पुसत आणि वळणदार अक्षरात यादी उतरवत. वर विषय, मग पाच पुस्तकं, प्रत्येकाखाली एक ओळ, आणि तळाला निवड करणाऱ्या कादंबरीकाराचं नाव. ओट्यापुढे गर्दी व्हायची. कॉलेजची पोरं, पोस्टमन, कापसाच्या जिनिंगमधले कामगार, सगळे माना वर करून वाचायचे. खरं सांगतो, मी फुशारून गेलो होतो. अख्ख्या गावात माझ्याएवढा वाचला जाणारा दुसरा कोण होता?

तिसऱ्या महिन्याला मात्र टपालातून काहीच आलं नाही. चौथ्यालाही नाही. "भाऊ, यादी कुठाय?" असं लोक विचारू लागले. लीलाधर भाऊ दोन दिवस माझ्यापुढे बसून राहिले. मग त्यांनी खडू उचलला, स्वतःच्या मनाने पाच पुस्तकं लिहिली आणि तळाला पुण्याच्या एका गाजलेल्या लेखकाचं नाव घातलं : कादंबरीकार विंझे. "माझ्या नावाची यादी कोण वाचणार रे?" असं ते मलाच म्हणाले. मी लाकूड. मी काय बोलणार? पण तेव्हा मला खूप बोलावंसं वाटलं होतं.

पुढची दीड वर्षं हेच चाललं. यादी भाऊंची, नाव विंझ्यांचं.

त्या गर्दीत एक बाई मागे उभी राहायची. वच्छलाबाई. सासर नरडाण्याचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली होती, पण सण संपला तरी परत गेली नाही. नवरा दारू पिऊन मारायचा. भाऊ अभिमन याच्या घरी राहून ती ब्लाऊज शिवायची आणि फळा वाचायला यायची. वहीत यादी उतरवून घ्यायची, क्रमाने पुस्तकं न्यायची, क्रमाने परत आणायची. तिने कधी एक पान दुमडलं नाही. एकदा पुस्तक परत देताना तिने सहज विचारलं होतं, "भाऊ, माहेरी राहिलेल्या बाईवर कोनी काही लिखं शे का?" लीलाधर भाऊंनी खिशातली पेन्सिल काढून काहीतरी टिपून घेतलं.

पुढच्या एक तारखेला माझ्यावर विषय आला : 'परत न गेलेल्या बायका'. पाच पुस्तकं. तळाला एक जास्तीची ओळ : 'भीती वाटते तिथं परत जायलाच हवं असं नाही.' आणि खाली विंझ्यांचं नाव.

वच्छलाबाई त्या दिवशी माझ्यापुढे कितीतरी वेळ उभी होती. तिने ती ओळ वहीत दोनदा लिहिली. पुढच्याच आठवड्यात सासरची माणसं तिला न्यायला आली, तेव्हा ती वही हातात धरूनच तिने नकार दिला म्हणे. 'पुण्याचा एवढा मोठा लेखक सांगतो, तो खोटं का सांगेल?' असं तिने भावाला विचारलं. अभिमनलाही ते पटलं. ती राहिली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी सहज विसरून गेलो की तळाचं नाव खोटं आहे.

मग वाचनालयाचा पंचविसावा वाढदिवस आला आणि मंडळाने प्रमुख पाहुणे म्हणून नेमके विंझ्यांनाच बोलावलं. लीलाधर भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. पण भाषणं होतील, हार घातले जातील, जेवणं होतील आणि पाहुणे जातील, एवढाच त्यांचा हिशोब होता. शिरपुरात बाया सभेत उठून बोलत नसत. 'सुस्वागतम' लिहून मला व्यासपीठावर ठेवलं होतं, म्हणून मी सगळं पाहिलं.

भाषण संपलं आणि वच्छलाबाई उठली. ती म्हणाली, "साहेब, ती यादी तुम्ही दिली, म्हणून मी आज माझ्या पायावर उभी शे. तुमचे आभार मानायला आले."

विंझे गोंधळले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना ठाऊकच नव्हतं. "कसली यादी? बाई, मी इथं कुठलीही यादी कधी दिलेली नाही."

मागच्या रांगेतून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं हसलं. मग सगळा हॉल हसला; माझ्यावर ते नाव वाचलेलेही, खुद्द लेखकच नाही म्हणतोय म्हटल्यावर, सगळ्यांबरोबर हसले. "बाईनं स्वप्नात यादी बघितली!" असं कोणीतरी ओरडलं. लीलाधर भाऊ हारांचं ताट हातात घेऊन तिच्यापासून दहा पावलांवर उभे होते. एक वाक्य पुरे होतं हो. एकच. पण त्यांनी ताटातला एक हार उगीचच सरळ केला. मित्रांनो, मला जर पाय हलवता आले असते, तर मी त्यांच्या अंगावर कोसळलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती ओट्यावर आली.

"भाऊ, ती यादी कोनी लिखी?"

"मी."

"आनि काल बठ्ठा लोके माझावर हासनात, तवय तुम्ही काबर गप्प बसनात?"

"मला नोकरीची भीती वाटली, बाई."

"माले बी भीती वाटे. तरी मी उभी राहिनू ना?"

तिने वही आत भाऊंच्या टेबलावर ठेवली आणि ती निघून गेली.

तिच्या घरी जे झालं ते चौकात सगळ्यांनी ऐकलं. अभिमन आरडाओरडा करत होता, "कोनी सांगं नही, कोनी सवरं नही, आनि तू घर मोडी बसनी!" पुण्याच्या लेखकाचा आधार होता तोवर त्याची बहीण शहाणी होती. तो आधार गेला आणि ती एका रात्रीत वेडी ठरली. पाच दिवसांनी नरडाण्याला निरोप गेला.

ती निघाली त्या सकाळी लीलाधर भाऊंनी मला ओट्याच्या अगदी काठावर आणून ठेवलं होतं. माझ्यावर तीच पाच पुस्तकं होती, तीच ओळ होती, आणि तळाला ठळक अक्षरात : 'ही निवड माझी होती. विंझ्यांची नव्हे. लीलाधर, ग्रंथपाल.' स्टँडकडे जाताना वच्छलाबाई थांबली. पिशवी खाली ठेवून तिने शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं.

"हाई त्या दिन सांगाले पाहिजे व्हतं, भाऊ," ती म्हणाली. पिशवी उचलून ती भावाच्या मागे एसटीकडे गेली.

भाऊंनी ती यादी कधीच पुसली नाही. त्यानंतर मला खडू लागला नाही. त्र्याण्णव साली ते निवृत्त झाले आणि मुलाकडे गेले. कुठल्या गावी ते कोणी विचारून ठेवलं नाही. नवीन ग्रंथपाल रतिलाल यांनी दारावर रंगवलेला पत्रा लावला आणि मला आतल्या खोलीत टाकलं. माझ्यापुढे पाण्याचा माठ असतो. शिंतोड्यांनी विंझ्यांचं नाव गेलं, पुस्तकं गेली. 'लीलाधर' एवढं अजून पुसट दिसतं.

गेल्या उन्हाळ्यात टपालातून एक जोडकार्ड आलं. रतिलाल ते मोठ्याने वाचू लागले.

'लीलाधर भाऊंस नमस्कार. त्या पाचांतली दोन पुस्तकं माझी वाचायची राहिली. त्यांची नावं विसरले, वही तुमच्याकडेच आहे. आता नवी यादीही पाठवा. विषय : या वयात घर कसं सोडावं. उत्तर शाळेतल्या बाईंच्या पत्त्यावर पाठवा, घरी नको. आणि खाली नाव तुमचंच लिहा. वच्छला.'

"कोण वच्छला?" असं म्हणून रतिलाल यांनी कार्ड उलटंपालटं केलं. माझ्या घोड्याचा एक पाय डुगडुगत होता. त्यांनी कार्डाची घडी घातली आणि पायाखाली सारली. आता मी अजिबात हलत नाही.

मित्रांनो, मला रंग देऊ नका, पुन्हा ओट्यावर ठेवू नका, त्याची मला हौस उरलेली नाही. फक्त मला जरा उचला. खालचं कार्ड काढा. त्यातलं अर्धं अजून कोरं आहे आणि त्यावर नरडाण्याच्या शाळेतल्या बाईंचा पत्ता तिने स्वतःच्या हाताने लिहिलेला आहे. पाचच पुस्तकं लिहा. आणि खाली तुमचं स्वतःचं नाव घाला.