बत्ताशाच्या मागून आलेली शेवंती

मित्रांनो, मी एक म्हातारी लॅब्राडोर कुत्री आहे. सोलापुरात रेल्वे लाइन्सकडे एका बैठ्या घराच्या ओट्यावर मी दिवसभर पडून असते. रस्त्याने जाणारी मुले "ए शेवंते" म्हणून हाक मारतात आणि मी पडल्या पडल्या शेपटी हलवते. उठून फाटकापर्यंत जाणे आता माझ्याने होत नाही. माझे नाव फुलाचे आहे, रंगही त्या फुलासारखाच फिकट पिवळा. पण हे नाव मला या घरात सहजासहजी मिळालेले नाही. माझ्या आधी इथे माझा भाऊ आला होता. त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय माझी गोष्ट सुरूच होत नाही.

आमचा जन्म अकलूजचा. एका साखर कारखान्याच्या इंजिनियरसाहेबांच्या बंगल्यात आम्ही जन्मलो. आमची आई साहेबांनी पुण्याहून आणली होती. तसले कुत्रे त्या भागात कुणी पाहिलेले नव्हते. ऊस घेऊन आलेले गाडीवानसुद्धा फाटकाशी थांबून तिच्याकडे टकमका बघत. आम्ही पाच भावंडे. चार नर आणि मी एकटी मादी. पिल्लू मागायला जो येई तो मला उचलून उलटीसुलटी करून बघे आणि परत खाली ठेवी. "मादी नको बुवा, पिलं घालत बसेल," एवढे म्हणून भावांकडे वळे.

सन १९७१चा उन्हाळा होता. सोलापूरचे मुकुंद मास्तर आपल्या मुलीला घेऊन बंगल्यावर आले. मुलीचे नाव गोदावरी. तिला दहावे वर्ष लागणार होते आणि वाढदिवसाला कुत्र्याचे पिल्लू देईन, असे मास्तरांनी तिला कबूल केले होते. गोदावरी आमच्यामध्ये येऊन मातीतच बसली. माझा थोरला भाऊ धडपडत तिच्याकडे गेला आणि तिच्या परकराचा काठ त्याने जो दातात धरला, तो काही केल्या सोडेना.

"अण्णा, मी नाही, यानेच मला निवडलं!" गोदावरी खिदळत म्हणाली.

साहेबांच्या पत्नी हेमावतीबाई जवळच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, महिन्याचंच आहे हो पिल्लू. अजून आईचं पितंय. थोडे दिवस दम धरा."

"तोवर हिचा वाढदिवस होऊन जाईल की," मास्तर हसले. "आणि आमच्याकडे दुधाला काही तोटा नाही."

"बरं, पण लस टोचून घ्या. पुण्याहून मागवावी लागते. आजच कळवून ठेवा."

"हो हो, बघतो."

त्यांनी भावाला कापडी पिशवीत घातले आणि भर दुपारची एसटी पकडली. आमची आई संध्याकाळपर्यंत फाटकाशी हुंगत फिरत राहिली.

पुढचे सारे मी या घरात आल्यावर ऐकले. मास्तरांच्या पत्नी अनसूयाबाई शेजारच्या जगदेवीबाईंशी बोलत, तेव्हा मी पायरीशी बसलेली असे. गोदावरीने भावाचे नाव बत्ताशा ठेवले होते. घरात कौतुकाला नुसते उधाण आले होते, पण तयारी म्हणाल तर काहीच नव्हती. त्याने झोपावे कुठे हेच कुणी ठरवले नव्हते. एक दिवस खाटेखाली, एक दिवस चुलीपाशी, तर दुपारी मागच्या तापलेल्या पत्र्याखाली. येणारा-जाणारा त्याच्या तोंडात काहीतरी घाली. म्हशीचे दूध, शिरा, पेढा. त्याचे पोट बिघडले. लसीचे पत्र मात्र राहूनच गेले. "निकालाचं काम संपलं की लिहितो," असे मास्तर रोज म्हणत.

आईवाचून बत्ताशा कुंईकुंई करी. त्याला सोबत हवी, असे गोदावरीला वाटले. तिने फाटक उघडून गल्लीतली पिल्ले आत घेतली. सगळी मिळून एकाच ताटलीतून दूध प्यायली. त्यातल्या एका पिलाचे नाक वाहत होते.

थोड्याच दिवसांत बत्ताशाचेही नाक वाहू लागले. मग ताप आला, मग झटके. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "डिस्टेंपर आहे, कुत्र्यांचा साथीचा रोग. गल्लीतल्या आजारी पिलाकडून लागला असणार. मास्तर, लस दिली होती का?"

मास्तरांनी मान खाली घातली. गोदावरीने गल्लीतल्या पिलाचे तेवढे ऐकले. लसीचे तिच्या कानात शिरलेच नाही.

बत्ताशाने तिच्या मांडीवरच प्राण सोडला. मास्तरांनी त्याला परसात पेरूच्या झाडाखाली पुरले. त्या दिवसापासून गोदावरी कुत्र्याचा विषय निघाला की उठून आत जाऊ लागली.

श्रावणात मास्तर एकटेच अकलूजला आले. मी अजून बंगल्यावरच होते. बाकीची भावंडे कुणी ना कुणी नेली होती.

"तुमचं ऐकलं नाही मी," मास्तर हेमावतीबाईंना म्हणाले. मग त्यांनी बत्ताशाचे सगळे सांगून टाकले. हेमावतीबाईंनी दोष दिला नाही. त्यांनी चहा पुढे केला.

"आता ही एकच उरलीय," त्या म्हणाल्या. "मादी आहे. कुणी नेत नाही."

"मी नेईन. पण आज नाही. आधी घर नीट करतो."

आणि मित्रांनो, त्यांनी ते खरोखर केले. बत्ताशाचे पोते आणि ताटली त्यांनी टाकून दिली. घर फिनेलने दोनदोनदा धुऊन काढले. ओट्याच्या ज्या बाजूला दुपारी ऊन येत नाही, तिथे माझ्यासाठी जागा ठरवली आणि वर बांबूच्या ताट्या बांधल्या. फाटकाच्या फटींना आडव्या पट्ट्या ठोकल्या. लस मागवली आणि अकलूजलाच मला टोचून घेतली. मग पहाटेच्या गार वेळी, पहिल्या गाडीने, मला सोलापूरला आणले.

अनसूयाबाईंनी माझ्या पायांवर पाणी घातले आणि भाकरीचा तुकडा दिला. दारात गोदावरी उभी होती. बत्ताशासारखाच माझा रंग पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"गोदे, बघ तरी," मास्तर म्हणाले.

"मला नको होती. अण्णा, हे काय पेन आहे का, एक हरवलं की दुसरं आणायचं?"

ती आत निघून गेली. मास्तरांनी माझ्या गळ्यातली दोरी सोडली आणि मला ओट्यावरच्या माझ्या जागेवर नेऊन बसवले.

या घरातले माझे पहिले दिवस असे गेले. खायला वेळेवर मिळे, मास्तर फिरायला नेत, कुणी कधी मारले नाही. पण मला नाव नव्हते. अनसूयाबाई "ए बाई" म्हणत. गोदावरी काहीच म्हणत नसे. तिचा पाय चाटला तर ती तो धुऊन टाकी. ती माझा राग करते असे मला वाटे. एकदा मी परसात पेरूखाली गेले. तिथल्या भुसभुशीत मातीला माझ्या भावाचा वास येत होता. मी तिथेच अंग टाकले. गोदावरी धावत आली.

"ऊठ तिथून! तिथे झोपायचं नाही! ऊठ!" ती ओरडली आणि ओरडता ओरडताच रडू लागली. तेव्हा मला कळले की हा राग नव्हे. ही पोर घाबरलेली आहे.

मार्गशीर्ष आला. एका गुरुवारी मी सकाळपासून अन्नाला तोंड लावले नाही. अंग तापले होते. अनसूयाबाईंची पूजेची गडबड चालली होती आणि मास्तर औषध आणायला गेले होते. दुपारी गोदावरी शाळेतून आली. मी पायांवर डोके टाकून पडले होते. ती जागीच थबकली. मग खांद्यावरचे दप्तरही न उतरवता माझ्याजवळ बसली.

"तूपण जाणार असशील तर आत्ताच सांग," ती म्हणाली. "म्हणजे मी तुझा लाड करणार नाही."

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग ती अगदी हळू म्हणाली, "त्या पिलांना मीच आत घेतलं होतं. माझ्यामुळेच मेला तो."

मास्तर औषधाची पुडी घेऊन दारात उभे होते. हे ओझे पोर इतके महिने वाहते आहे, याची त्यांना कल्पनाच नव्हती. ते तिच्यासमोर फरशीवर बसले.

"गोदे, लस आणायचं काम माझं होतं. त्याला आईपासून लवकर तोडलं तेही मीच. तू त्याला सोबत मिळावी म्हणून फाटक उघडलंस, एवढंच."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

मास्तरांनी हातातली पुडी खाली ठेवली. ते म्हणाले, "लाज वाटली गं मला."

बापलेक तिथेच माझ्या दोन बाजूंना बसून राहिले. माझे दुखणे तसे साधे होते. शेजारच्या गाईसाठी भिजत घातलेली डाळ मी चोरून खाल्ली होती. दोन दिवसांत मी उठले. पण मला नाव मिळाले ते त्याच दुपारी. पूजेच्या परातीत शेवंतीची फुले होती. गोदावरीने एकदा फुलांकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, "आई, हिला शेवंती म्हणू या."

त्यानंतर मला सुखाची वर्षे लाभली. गोदावरी शाळेला निघाली की कोपऱ्यापर्यंत पोचवायला मी, आणि सुटली की आणायलाही मीच. दुष्काळ पडला, हंड्यांच्या रांगा लागल्या. त्या उन्हाळ्यात माझी दाट केसांची कातडी भाजून निघे. अनसूयाबाई तांदूळ धुतलेले पाणी जपून ठेवत आणि दुपारी माझ्या जागेवर शिंपडत.

जगदेवीबाई म्हणाल्या, "माणसाला पाणी न्हाई, आन् कुत्र्याला सडा काय वो?"

"आपणच आणलंय तिला, जगदेवी," अनसूयाबाई म्हणाल्या. "तिने थोडंच सांगितलं होतं आणा म्हणून?"

पण मित्रांनो, तुमची वर्षे आणि आमची वर्षे सारख्या चालीने चालत नाहीत. गोदावरी मोठी झाली तोवर मी म्हातारी झाले. गेल्या वैशाखात तिचे लग्न झाले. सासर करमाळ्याचे. त्या घरात कुत्रे चालत नाही. हे तिने मला स्वतः, माझे तोंड दोन्ही हातांत धरून सांगितले. तिची जीप निघाली तेव्हा मी मागे धावले. कोपऱ्यापर्यंत गेले आणि मागचे पाय एकाएकी माझ्याखालून गेले. मास्तरांनी मला दोन्ही हातांनी उचलून घरी आणले. तेही आता म्हातारे झाले आहेत. त्यांना धाप लागली होती.

नंतर कितीतरी दिवस शाळा सुटायची वेळ झाली की मी रस्त्याकडे तोंड करून बसत असे. "ती नाही येणार गं," मास्तर म्हणत आणि माझ्याजवळच खुर्ची ओढून बसत. मग आम्ही दोघेही रस्त्याकडे बघत असू.

काल ती माहेरी आली. तिची पावले मी दुरूनच ओळखली. उठायची धडपड केली, पण उठता आले नाही. उलट जागेवरच माझ्याकडून घाण झाली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी तोंड भिंतीकडे फिरवले. गोदावरी फाटकातून आली ती थेट माझ्याजवळ, आणि जमिनीवर माझ्या अंगाला अंग लावून आडवी झाली.

"अगं गोदे, नवी साडी आहे ना ती!" अनसूयाबाई ओरडल्या. "तिथे ओलं आहे!"

"साडी धुता येते, आई," ती म्हणाली. उठली मात्र नाही.

मित्रांनो, मला तपासल्यावर डॉक्टर मास्तरांना बाजूला घेऊन काय बोलले ते मला ऐकू आले नाही. त्यानंतर मास्तर रोज माझ्या अंगावरून जरा जास्त वेळ हात फिरवतात, एवढे कळते. तुमच्यापैकी कुणाला पिल्लू हवे असेल तर आधी घर तयार करा. सावली बघा, लस बघा, त्याला आईपाशी पुरते राहू द्या. आणि गोजिरवाण्या पिलाला उचलून घेताना एवढे मनाशी विचारा, की हेच पुढे म्हातारे होईल, अंथरुणात घाण करील, तेव्हा त्याच्यापाशी कोण बसेल? उत्तर सापडले तरच त्याला घरी न्या.

गोदावरी उद्या परत जाणार आहे. आता ती आत भाकऱ्या थापते आहे, आणि मधूनच दारात येऊन मी जागी आहे की नाही ते बघून जाते.