गार गाडी

“फेस दाट कर गं, असा पाण्यासारखा काय कामाचा?” मडिवाळप्पा गाडीच्या बॉनेटखालून ओरडला आणि लगेच त्याने जीभ चावली. कुशीवर वळायलाही जिला दुसऱ्याचा हात लागतो, तिच्यावर आपण आवाज चढवतोय, हे त्याच्या जरा उशिरा ध्यानात आलं.

त्याची बायको चंद्रव्वा दारातल्या बाजेवर भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर पितळी पातेलं, त्यात रिठ्याचं पाणी, आणि पाण्यात तिचा वाळलेला हात हळूहळू फिरत होता. ती हसली. “ओरडा की. लई दिस झालं, कुनी ओरडलंच न्हाय माझ्यावर. जो येतोय तो आपला हळूच बोलतोय.”

शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात सकाळपासून ही लांबलचक परदेशी गाडी उभी होती. चादरींच्या एका बड्या व्यापाऱ्याची. चौऱ्याहत्तर सालच्या सोलापुरात थंड हवेची गाडी म्हणजे अप्रूपच. मे महिन्यात ती काचा चढवून रस्त्याने गेली की घामाघूम माणसं थांबून बघायची आणि मनातल्या मनात मालकाला दोन शिव्या हासडायची. पण तिच्यातला गॅस दर उन्हाळ्यात कुठून तरी निसटायचा आणि आतली शेठाणी तव्यावरच्या भाकरीसारखी भाजून निघायची. मग ड्रायव्हर जोतीराम गाडी घेऊन मडिवाळप्पाच्या दारात हजर. मडिवाळप्पा बर्फाच्या कारखान्यात मशीनवर होता. आठवडाभर कारखाना आणि रविवारी घरी लोकांच्या फ्रिजची दुखणी काढायची, असा त्याचा जन्म चालला होता.

कारखान्यातून निघताना तो बर्फाचा एक तुकडा फडक्यात गुंडाळून आणायचा. सायकलवरून घरी पोचेपर्यंत त्याचं पाणीच व्हायचं, पण हात गारठलेले राहायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात चंद्रव्वाने ते हात धरून आपल्या दोन्ही गालांवर ठेवले होते. घर पत्र्याचं, आणि तिला उकाडा मुळीच सोसायचा नाही. तेव्हापासून त्याने सायकल भिंतीला लावली की ती दारात येऊन गाल पुढे करायची. केस पिकले तरी हे चुकलं नाही. शेजारची नागम्मा तोंडाला पदर लावून हसायची. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे लाजायचं तरी कुणाला?

पण एका गोष्टीची हुरहुर त्याच्या मनाला कायमची लागून राहिली होती. गॅस भरून झाला की कुणाला तरी मागच्या सीटवर बसवून, काचा लावून, इंजिन चालू ठेवून बघावं लागतं. गारवा मागपर्यंत पोचतो की नाही, ते आत बसलेल्यानेच सांगायचं. दर वर्षी तो म्हणायचा, “चल, बस आत. तपासून सांग.” आणि दर वर्षी ती मागे सरायची. “परक्याच्या गाडीत? डोक्याला तेल हाय माझ्या. गादीला डाग पडला तर? पुढच्या सालाला बसते.” असं म्हणता म्हणता सालं गेली.

यंदा तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवले, चष्मा काढला आणि म्हणाले, “घरी न्या. काय खावंसं वाटेल ते द्या.” त्या वाक्याचा अर्थ न कळण्याइतका मडिवाळप्पा भोळा नव्हता. आणि खाणं तर केव्हाच सुटलं होतं. मग तिला द्यायचं काय? तर हे. एवढं एकच त्याच्याकडे देण्यासारखं उरलं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या गाडीतलं.

म्हणून आज त्याची तगमग चालली होती. चार वाजता शेठ-शेठाणी हुबळीला निघणार होते. सिलिंडरमध्ये गॅस उरला होता तो एकदाच भरण्यापुरता. दुसरा मुंबईहून कधी येईल याचा भरवसा नाही. आणि गळती काही सापडत नव्हती. साबणाचा फेस उन्हात लावताच विरून जायचा. चंद्रव्वाच्या हातचा रिठ्याचा फेस मात्र लोण्यासारखा चिकटून राहायचा. दर वर्षी शेवटी तोच कामाला यायचा.

“मामा, आटपा की,” जोतीराम सावलीत उभा राहून घड्याळ बघत म्हणाला. “न्हाय घावली गळती, तर तसाच भरा गॅस. हुबळीपतूर पुरला म्हंजे झालं.”

“आनि येताना? येताना शेठाणी तुला आरती ओवाळंल व्हय?”

चंद्रव्वाने पातेलं पुढे केलं. एवढ्यानेच तिला धाप लागली होती. मडिवाळप्पाने फेस ओंजळीत घेतला आणि एकेका जोडावर तो माखत गेला. कॉम्प्रेसरच्या मागे, जिथे नळी वळते तिथे, फेसावर एक फुगा आला. फुटला. पुन्हा आला.

“घावली!” तो एवढ्या मोठ्याने ओरडला की नागम्मा पिठाच्या हातांनी बाहेर आली.

जोड उकलून, आतली रबरी रिंग बदलून, पान्याने आवळेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरपासून त्याने स्वतःच एक पंप बनवला होता. तो लावून नळ्यांतली हवा ओढून काढली. पण सिलिंडर तळाला गेलेला, गॅस जोर करेना.

“कोमट पान्यात उभा करा त्याला,” बाजेवरून चंद्रव्वा म्हणाली. इतक्या वर्षांत तिलाही धंदा कळला होता. नागम्माने चंद्रव्वाच्याच अंघोळीचं घंगाळ आणून दिलं. सिलिंडर त्यात उभा राहिला, जोतीरामने इंजिन चालू केलं आणि मडिवाळप्पा नळीवरच्या छोट्या काचेला डोळा लावून बसला. काचेआड गॅसचे बुडबुडे धावत होते. ते विरळ झाले, आणखी विरळ झाले, आणि काच अगदी नितळ झाली. गॅस भरला होता.

त्याने हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिला. मग जोतीरामजवळ जाऊन म्हणाला, “मागं बसून कुनीतरी बगाय पायजे.”

“मी बसतो की.”

“तू न्हाय,” मडिवाळप्पा म्हणाला आणि त्याने बाजेकडे पाहिलं.

जोतीरामचा चेहरा उतरला. “मामा, आजारी मानूस. शेठला कळलं तर माझी भाकरी जाईल ओ.”

हातापाया पडणं मडिवाळप्पाला कधी जमलं नव्हतं, आणि आज जमावं असं फार वाटत होतं. जोतीराम थोडा वेळ चपलेने माती उकरत उभा राहिला. मग त्याने खांद्यावरचा धुतलेला पंचा काढून मागच्या सीटवर पसरला, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि शेठाणीसाठी धरतो तसं दार अदबीने उघडून धरलं.

“या मामी,” तो म्हणाला.

मडिवाळप्पाने तिला उचललं. जन्मभर बर्फाच्या लाद्या उचललेल्या त्या हातांना ओझं असं लागलंच नाही.

“डोक्याला तेल न्हाय आता,” सीटवर टेकत चंद्रव्वा म्हणाली. “डाग न्हाय पडनार.”

दार लागलं. काचा चढल्या. बोळातल्या बायका आपापल्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. मडिवाळप्पा काचेबाहेर उभा राहून तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. ती आता हसेल, डोळे मिटून सुखाने मागे रेलेल, असं त्याला वाटत होतं. कितीतरी उन्हाळे त्याने हेच मनात पाहिलं होतं. तिने डोळे मिटले खरे. पण मग ती अंग चोरून बसली, आणि तिच्या हाताचं बोट काचेवर वाजू लागलं.

त्याने घाईने दार उघडलं.

“थंडी वाजतिया,” ती म्हणाली. तिचे दात दातांवर आपटत होते.

त्याने पुढे वाकून पंखा कमी केला. “आता?”

“अजून वाजतिया. साकु री, साकु.” जीव घाबरा झाला की तिच्या तोंडी माहेरची कन्नड यायची. “पुरं आता. काच उघडा तेवढी.”

अंगावर मांस म्हणून उरलंच नव्हतं. गारवा सरळ हाडांना भिडत होता. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही? ज्या बाईला जन्मभर उकाडा सोसला नाही, तिला आता गारवाही सोसत नव्हता. मडिवाळप्पाला इतकं भडभडून आलं की त्याला तोंड फिरवावं लागलं.

त्याने हँडल फिरवून काच चार बोटं खाली केली. बोळातली झळ आत शिरली.

“हां,” चंद्रव्वा म्हणाली. “आता बरं वाटतंय.”

“अगं, तुला गार हवेत बसवायचं म्हनून म्या एवढं...”

“बसले की मी. बगितलं की. लई गार हाय, पार मागपतूर येतंय. जोतीराम, शेठाणीला सांग, काम झ्याक झालंय म्हनून.” मग नवऱ्याकडे वळून ती हळूच म्हणाली, “तुमी या की आत. तुमी तरी कवा बसलाय?”

खरंच, तो कधी बसला नव्हता. त्याचं सगळं आयुष्य बॉनेटच्या बाजूला गेलं होतं. त्याने चपला बाहेर काढल्या आणि पलीकडून येऊन सीटच्या कडेवर टेकला. त्याचे हात इंजिनाच्या धगीने तापलेले होते. चंद्रव्वाने ते ओढून घेतले आणि आपल्या दोन्ही गालांवर ठेवले.

“ऊन ऊन हायत,” ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

जोतीराम पुढे बसून होता. बराच वेळ त्याने घड्याळ पाहिलं नाही.

मिरगाच्या आधीच ती गेली.

पुढच्या मे महिन्यात गाडी पुन्हा दारात आली. आता दुसरीच एक नळी गळत होती. मडिवाळप्पाने रिठे स्वतः भिजवले, स्वतः घुसळले. फेस येत होता, पण जोडावर ठरत नव्हता. गळती सापडायला दुपार टळली. गॅस भरला, काच नितळ झाली.

“मागं कोन बसनार मामा?” जोतीरामच्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि तो ओशाळला.

“मी बसतो,” मडिवाळप्पा म्हणाला.

त्याने चपला काढल्या आणि मागच्या वर्षी बसला होता तिथेच, सीटच्या कडेवर, तो टेकला. जोतीरामने काचा चढवल्या, पंखा मोठा केला. काम चोख झालं होतं. गारवा सरसर मागे आला. मडिवाळप्पा वाकला आणि त्याने पलीकडच्या दाराची काच चार बोटं खाली केली.

“काच वर घ्या की मामा,” जोतीराम आरशात बघत म्हणाला. “सगळं गार बाहेर चाललंय.”

“जाऊ दे,” शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत मडिवाळप्पा म्हणाला. “तिला थंडी वाजतिया.”

जोतीरामने हात पुढे करून पंखा कमी केला.