चौदा पडदे

सरकारला सुंदर अक्षर लागतं ते वर्षातून एकदाच. एरवी त्याचं कसल्याही अक्षरावर भागतं. देशातले कलावंत आणि कलेला हात देणारे श्रीमंत लोक, असे मिळून बारा जण दर वर्षी निवडले जायचे. त्यांना राष्ट्रीय कलासन्मान मिळायचा, आणि त्या बारा जणांची मानपत्रं हाताने लिहायला सुलेखनकाराला बोलावणं यायचं. गेली एकोणीस वर्षं हे काम एकाच माणसाकडे होतं.

यादी हातात पडण्याआधी त्याला एका कागदावर सही करावी लागे. घोषणा होईपर्यंत यातलं एकही नाव मी कुणाला सांगणार नाही, असं त्यात लिहिलेलं असायचं. कोणी असली सही करतं आणि संध्याकाळी चहाबरोबर सगळं ओकून टाकतं. हा तसला नव्हता. त्याची बायको म्हणायची, "लोकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, तुमच्या तोंडात पोतंभर भिजेल." नावं माहीत असूनही घोषणेच्या दिवशी तो बायकोशेजारी बसून रेडिओवर ती पुन्हा ऐकायचा आणि "अरे वा" म्हणायचा.

पण दर वर्षी यादी उघडताना त्याची नजर एकच नाव शोधायची, आणि ते नसायचं. ते त्याच्या ताईचं होतं.

ताई त्याच्याहून तेरा वर्षांनी मोठी. नाटकवाले तिला पडदेवाली म्हणत. रंगमंचाच्या मागच्या भिंतीवर सोडतात ते देखाव्याचे पडदे ती रंगवायची. चोवीस फुटी कापड जमिनीवर अंथरायचं, लांब दांड्याचा कुंचला घ्यायचा आणि मोजे घालून कापडावरून चालत चालत रंगवायचं. तिच्या जंगलाच्या पडद्यासमोर उभं राहिलं की लोक म्हणायचे, इथे गारवा लागतो. खोटं नाही, त्यालाही लागायचा. मग नाट्यगृहात विजेचा मोठा पडदा आला. बटण दाबलं की जंगल, बटण दाबलं की राजवाडा. ताईचं काम एका हंगामात संपलं, आणि पुढे चार वर्षांत डोळेही गेले. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं.

उरले होते चौदा पडदे. ताईच्या खोलीखालच्या लांबट गोदामात ते लाकडी दांड्यांवर गुंडाळून ठेवले होते. घरमालकाने गोदाम विकलं होतं आणि महिनाअखेरीस ते रिकामं करून हवं होतं. चोवीस फुटी चौदा गुंडाळ्या ठेवायच्या कुठे? सुलेखनकाराचं घर दोन खोल्यांचं, त्याच्या जिन्यात एक गुंडाळी वळायची नाही. एका शाळेचे नाटकाचे सर तीन पडदे न्यायला तयार होते. बाकीचे अकरा ताडपत्रीवाला कापून नेणार होता, ट्रकवर घालायला.

यावर उपाय एकच होता. सन्मान मिळालेल्या कलावंताचं काम राष्ट्रीय संग्रहालय स्वतः येऊन नेतं आणि जपतं, असा नियम आहे. म्हणून या वर्षी यादी त्याने उभ्या उभ्याच उघडली. आणि सातव्या ओळीवर ताईचं नाव होतं.

त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ताईच. नाव, वय, पत्ता, सगळं. एवढा मोठा बाप्या, अठ्ठावन्न वर्षांचा, मोरीत जाऊन नळ सोडून रडला.

आणि इथेच त्याची बुद्धी फिरली. तोंडाला कुलूप लावणं त्याला जमत होतं. पण ताईला तोंडाची गरजच नव्हती. डोळे गेल्यापासून ती आवाजावरून माणूस वाचायची. तो नुसता "हं" म्हणाला तरी ती विचारायची, "काय रे, बायकोशी भांडलास?" सोमवारी आणि गुरुवारी तो तिच्याकडे जायचा, आलेलं टपाल वाचून दाखवायचा. दुसऱ्या कुणाला ती पाकिटाला हात लावू द्यायची नाही. मागे खालच्या शेजारणीने तिला दवाखान्याचं पत्र वाचून दाखवलं आणि तासाभरात सगळी इमारत चौकशीला आली, तेव्हापासून कानाला खडा. आता या ताईसमोर बसून वीजबिल वाचायचं आणि पोटात हे ठेवायचं? पहिल्या आकड्यालाच पकडला गेला असता.

मग त्याने ठरवलं, जायचंच नाही. घोषणा होईपर्यंत. बायकोकडून फोन करवला की यांना जबर खोकला झालाय, तुम्हाला लागेल म्हणून येत नाहीत. ताई म्हणाली, "सावकाश येऊ दे. माझं काही अडलं नाही." त्याचा जीव भांड्यात पडला.

एकवीस दिवस तो घरात बसून लिहीत होता. मानपत्राचा कागद जाड असतो, प्रत्येक पानावर सरकारी क्रमांक असतो, एक पान वाया गेलं तरी हिशेब द्यावा लागतो. तो नाव आधी लिहायचा आणि मजकूर नंतर, कारण चूक व्हायचीच असेल तर ती नावात होते. ताईचं पान त्याने सगळ्यात शेवटी घेतलं. अक्षरांच्या उभ्या रेषा त्याने तीन दिवस घोटल्या. एवढं सुंदर अक्षर त्याच्या हातून उभ्या जन्मात उतरलं नव्हतं. असा तो कधी स्वतःवर खूश होत नसे, पण त्या दिवशी झाला.

बाविसाव्या दिवशी दुपारी तो बारा मानपत्रं घेऊन विभागात गेला. जुने साहेब निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी एक नव्या बाई होत्या, कामाला चोख आणि बोलायला सरळ. त्यांनी एकेक पान उलटलं, मान डोलावली, आणि सातवं पान काढून बाजूला ठेवलं.

"हे रद्द. यांनी सन्मान नाकारला."

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कधी नाकारला?"

"परवा मुदत संपली. आम्ही सगळ्यांना संमतीपत्र पाठवतो, तुम्ही स्वीकारणार का म्हणून. वीस दिवसांत उत्तर आलं नाही तर नकार धरतो. मागे दोघातिघांनी वर्तमानपत्रात जाहीर नाकारून सरकारचं नाक कापलंय. तेव्हापासून आठवण करायची नाही, फोन करायचा नाही, असा आदेश आहे. सरकार मागे लागलं असं कुणी म्हणायला नको."

"पण मला तर यादी आधीच मिळाली होती."

"दर वर्षी संमती आल्यावरच देतो. या वर्षी समारंभ महिनाभर अलीकडे आला, म्हणून दोन्ही एकदम पाठवलं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

नव्हतं सांगितलं. एकोणीस वर्षांत संमती नावाचं काही असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्याकडे यायची ती पक्की नावं. पाकीट आलं असणार. ताईने ते ठेवलं असणार, त्याची वाट बघत.

"ती माझी बहीण आहे," तो म्हणाला. "तिला दिसत नाही. तिची पत्रं मी वाचतो. आणि मी गेलो नाही. तुमच्या त्या सहीपायी गेलो नाही."

बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. वाईट त्यांनाही वाटलं असावं, कारण दाराकडे बघून त्या हळू बोलल्या. "काल वरून सही झाली. रिकाम्या जागी दुसरं नावही गेलं. आणि हे बहिणीचं आता कुणासमोर काढू नका. बहिणीचं नाव यादीत आणि मानपत्र भाऊ लिहितोय, हे बाहेर गेलं तर पुढे कधीच तिचा विचार होणार नाही."

एकाहत्तर वर्षांच्या बाईचा पुढे कधी विचार होणार होता? बाईंनी एक कोरं पान आणि नव्या नावाची चिठ्ठी दिली. ते नाव फरशीच्या कारखान्याच्या मालकाचं होतं, कलेचे आश्रयदाते म्हणून. मजकुरात लिहिलं होतं की यांनी नाट्यगृहाला विजेचा पडदा भेट दिला. सुलेखनकाराने ते दोनदा वाचलं. हसावं की डोकं आपटावं ते त्याला कळेना.

तिथून तो थेट ताईकडे गेला. जिना चढताना ठरवत होता, सगळं सरळ सांगून टाकायचं. ताई खुर्चीत बसली होती. जिन्यातल्या पावलांच्या आवाजावरून तिने ओळखलं.

"खोकला गेला का?"

"गेला."

"खोकला नव्हताच तुला. बायको फोनवर बोलत होती तेव्हा मागे एकदासुद्धा खोकलेला ऐकू आला नाहीस." मग म्हणाली, "मला वाटलं, पडदे तुझ्याकडे ठेव असं मी म्हणेन म्हणून तू टाळतोयस. मी म्हणणार नव्हते रे. तुझ्याकडे जागा कुठे आहे."

गेले एकवीस दिवस ती हे धरून बसली होती तर.

"पत्र आलंय का काही?" त्याने विचारलं.

"आहे की. औषधांच्या डब्यात बघ. जाड आहे, सही घेऊन दिलं त्याने. घरमालकाची नोटीस असणार. ऐकायची घाई कुणाला होती?"

त्याने पाकीट फोडलं. आपल्या कलासेवेचा गौरव म्हणून राष्ट्रीय कलासन्मानासाठी आपली निवड करण्यात येत आहे. वाचता वाचता त्याने वर पाहिलं. ताईने दोन्ही हात गालांवर ठेवले होते. तोंड लहान मुलीसारखं उघडं राहिलं होतं.

"माझं? नाव नीट बघ."

"तुझंच आहे."

ती हसायला लागली. किती वर्षांनी हसली कोण जाणे, हसता हसता तिला ठसका लागला. पुढची ओळ तारखेची होती, आणि ती त्याच्या तोंडातून बाहेर पडेना. तो ती गाळून खालच्या सहीवर गेला. एवढी एक घटका तरी तिची राहू दे, असं त्याला वाटलं. यात त्याचा दोष काढायचा तर काढा, पण समोर ते हसणं असताना कुणाला जमलं असतं?

"म्हणजे संग्रहालयवाले येतील," ताई म्हणाली. "चौदाच्या चौदा नेतील. जंगल आणि नदी शेजारी लावा म्हणावं, ते एकाच नाटकाचे आहेत. आणि मला तिथे नेऊन उभी कर एकदा, दिसलं नाही तरी चालेल." ती उठली आणि चाचपडत फोनपाशी गेली. "आधी त्या सरांना कळवते. ते पाच वाजता टेम्पो घेऊन येतायत. देत नाही म्हणून सांगते. आता संच फोडायचा नाही."

तिने नंबर फिरवायला सुरुवात केली. ते तीन पडदेही आता ताडपत्रीवाल्याकडे जाणार होते. सर एकदा परत फिरले की पुन्हा टेम्पो घेऊन कोण येणार होतं?

"ताई, फोन ठेव."

"का?"

"उत्तराची मुदत परवा संपली. नाव काढलं तुझं. मला यादी पहिल्या दिवसापासून माहीत होती. तुला आवाजावरून कळेल म्हणून मी आलो नाही. पत्र पोचलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्यामुळे झालं हे सगळं."

ताईने फोन खाली ठेवला. परत खुर्चीपर्यंत आली, पण बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"मला सांगितलं असतंस तर मी कुणाला सांगणार होते?" ती म्हणाली. "इथे येतं कोण?"

तो लहानपणी मार खाऊन बसायचा तसा मान खाली घालून बसला. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती रडलीही नाही. तिने विचारलं, "किती वाजले?"

"साडेचार."

"चल मग खाली. मला हात दे."

तो तिला जिन्यावरून खाली घेऊन गेला. गोदामाचं दार उघडलं. चौदा गुंडाळ्या भिंतीकडेला ओळीने आडव्या ठेवलेल्या होत्या. ताडपत्रीवाल्याने सकाळीच येऊन दाराशी कात्री आणि सुतळी ठेवली होती. ताई पहिल्या गुंडाळीपाशी गेली. कापडाच्या पाठीवर हात फिरवला, मग दुसरीच्या, मग तिसरीच्या. पाठीकडून सगळी कापडं सारखीच लागतात.

"मला कळत नाही कोणता कुठला ते," ती म्हणाली. "सगळे उलगडायला आता वेळ नाही. कडेला थोडं थोडं सोडून बघ. त्यातले तीन निवड."

"मी कसे निवडू?"

"तुला दिसतंय ना. निवड."

त्याने पहिली गुंडाळी हातभर सोडली. आत जंगल होतं. शेजारची सोडली, तर नदी. बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला, आणि सर दारातून म्हणाले, "झालं का तुमचं? गाडी रस्त्यात उभी आहे." ताई भिंतीला टेकून उभी होती. त्याने जंगल ओढत दाराकडे नेलं, परत आला, आणि नदीची दांडी हातात धरून पुढच्या बाराकडे बघत राहिला.