ज्ञानीचा डोस

“काका, अगोदर बाळाच्या गळ्यातलं काढा,” कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली शबनम म्हणाली. ती इथली शिकवणारी. “दोरा कशात तरी अडकतो. पाण्यात काहीच नको.”

वैजनाथनं नातीकडे पाहिलं. आठ महिन्यांची ज्ञानेश्वरी, घरातली ज्ञानी, त्याच्या खांद्यावर बनियन चावण्यात गुंग होती. गळ्यात काळा दोरा, दोऱ्यात तांब्याचा ताईत. तो त्याच्या बायकोनं, दैवशालानं, बारशाच्या दिवशी बांधला होता.

“काढू का?” त्यानं लेकीला विचारलं.

शिवप्रिया काठावरच्या खुर्चीत टॉवेल कवटाळून बसली होती. “काढा अप्पा. घरी जाताना परत बांधू. आईला कळायचं न्हाय.”

आईला खरं तर यातलं काहीच कळायचं नव्हतं. धाराशिवात तान्ह्या बाळांना पाण्याची सवय लावायचा वर्ग निघालाय, हे शिवप्रियानं ऑफिसात ऐकलं, तेव्हापासून बापलेकीची कुजबुज चालली होती. शेवटी सकाळी ‘सुईचा डोस द्यायला चाललोय’ असं ठोकून देऊन दोघं बाहेर पडली. रविवारी कुठला आलाय डोस, असं दैवशालानं विचारलं नाही. तिनं पिशवीत दोन लंगोट घातले, आणि ताप आला तर असावी म्हणून औषधाची बाटली घातली.

पाण्यात उतरायचं होतं शिवप्रियानं. पण पायऱ्यांपाशी येताच तिचं अवसान गळालं. “तुमीच उतरा. मला न्हाय जमायचं,” असं म्हणून तिनं बाळ बापाच्या हाती दिलं होतं.

ताईत काठावर काढून ठेवलेल्या सदऱ्याच्या खिशात ठेवून वैजनाथ उतरला. पाणी कोमट होतं म्हणे. शबनम म्हणाली म्हणून कोमट. त्याला काही कळलं नाही. शेततळ्याचा कागद जोडण्यात त्याची उमर गेली होती. कागद म्हणजे जाड काळं प्लास्टिक. ते खड्ड्यात अंथरायचं आणि तापत्या मशीननं पट्ट्याला पट्टा चिकटवायचा. बोटांना चटका कळेनासा होऊन जमाना लोटला होता. बाकीचा माणूसही तसाच झाला होता. जेवण कसं झालंय विचारलं तर म्हणायचा, ‘झालंय.’

एके काळी गावी, तामलवाडीत, त्याची वेगळी शान होती. उन्हाळ्यात गावातली पोरं त्याच्या मागं लागायची. तो त्यांच्या पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि खुशाल विहिरीत ढकलून द्यायचा. अर्धं गाव त्यानं पोहायला शिकवलं. राहिला फक्त त्याचा स्वतःचा पोरगा, मल्हार. मल्हारच्या बारशाला जोशीबुवा बोलून गेले होते, ‘याला पाण्यापासून घात आहे.’ दैवशालानं ते मनाला लावून घेतलं. वैजनाथ हसला, पण बायकोशी वाद घालत बसला नाही. झालं. मल्हारला कुणी विहिरीकडे फिरकू दिलं नाही. गळ्यात ताईत आणि अंघोळ बादलीतली.

नऊ वर्षांचा असताना चेंडू काढायला म्हणून तो शेजारच्या शेततळ्यात उतरला. कागद वैजनाथनंच जोडलेला होता. कागदावर शेवाळ धरलं होतं आणि त्या शेवाळात बोटांच्या रेघा होत्या. बऱ्याच होत्या. शेततळ्याला धरायला कड नसते. ताईत गळ्यात तसाच होता.

त्या दिवशी वैजनाथ रडला नाही. माणसं फार होती, नंतर रडू म्हणाला, आणि ते राहूनच गेलं.

“तोंडावर हळूच फुंकर मारा,” शबनम सांगत होती. “बाळ दम धरतं. मग डोक्यावरून थोडं पाणी सोडा.”

त्यानं फुंकर मारली. ज्ञानीनं दचकून डोळे मिटले, दम धरला. पाणी ओघळून गेलं. काठावर शिवप्रिया ताडकन उभी राहिली. ज्ञानीनं रडावं की काय याचा जरा विचार केला आणि ती खुदकन हसली. शिवप्रिया परत बसली.

“ह्याचा फायदा काय हुतो पण?” वैजनाथनं विचारलं.

“भूक लागते, झोप छान लागते. पाण्याची धास्ती बसत नाही. पोहायला नंतर शिकेल, काका. तोवर हाताशी माणूस पाहिजेच, तरणतलाव असो की घरातली बादली. पण वळायचं आणि कड धरायची, एवढी सवय आत्तापासून लावायची.”

“कड?”

“ही.” शबनमनं ज्ञानीचा पंजा काठावरच्या फरशीवर ठेवला. ओली बोटं घसरली. परत ठेवला, परत घसरली. मग ती चिमुकली बोटं वाकली आणि फरशीला घट्ट चिकटून राहिली.

वैजनाथ त्या बोटांकडे बघत राहिला. छातीत काहीतरी व्हायला हवं होतं. झालं नाही.

“अजून एकदा,” तो म्हणाला. मग अजून एकदा. बाकीची बाळं टॉवेलात गुंडाळली गेली तरी त्याचं चालूच होतं. शेवटी शबनमलाच म्हणावं लागलं, “काका, आता पुढच्या रविवारी.”

रिक्षात ज्ञानी गाढ झोपली. ताईत बांधायचा दोघंही विसरली.

दारातच दैवशालानं नातीला घेतलं. अजून ओलसर असलेल्या जावळाला नाक लावलं. मग एक मांडी पाहिली, दुसरी पाहिली. सुईची खूण नव्हती. गळ्यात दोराही नव्हता. शिवप्रिया चपला काढण्याच्या निमित्तानं बाहेरच रेंगाळली.

“ताप हाय का?” दैवशालानं विचारलं.

“न्हाय,” वैजनाथ म्हणाला.

“रडली?”

“न्हाय. हसली.”

तिनं ज्ञानीला पाळण्यात टाकलं, दोन झोके दिले आणि नवऱ्यापुढं हात पसरला. त्यानं खिशातला ताईत त्या हातावर ठेवला. आता ती बांधणार, असं त्याला वाटलं. दोरा कोरडा होता. तो तिनं चिमटीत धरून पाहिला आणि ताईत कोनाड्यात ठेवून दिला.

“पुढचा डोस कवा हाय?”

“रविवारी.”

“चुकवू नका,” दैवशाला म्हणाली. “मल्हारचा तेवढा ऱ्हायला.”

ओल्या कपड्यांची पिशवी घेऊन ती मोरीत गेली आणि एक एक लंगोट पिळू लागली.