नेमसिंग ड्रायव्हरचं हँडल

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा बाजेच्या मोडक्या खुराचा तुकडा कुणीतरी टाकून दिलाय. त्यात फार चूक नाही. माझं अंग बाजेच्या खुराचंच आहे, सागवानी. पण नीट पाहिलंत तर वर एक पितळी दांडी दिसेल, तिच्या बाजूला ब्रेकची दुसरी आखूड दांडी, आणि अंगठ्याखाली हॉर्नचं एक लाल बटण. मी खेळण्यातली आगगाडी चालवायचा जुना कंट्रोलर आहे. आमच्या तांड्यात मात्र मला सगळे ‘हँडल’च म्हणत.

मला घडवलं नेमसिंगनं. बोल्डा स्टेशनाजवळच्या तांड्यात त्याचं घर. त्याच्या आज्याच्या काळात ही माणसं बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडत. नेमसिंग त्या घरातला पहिला नोकरदार. पूर्णा ते अकोला छोट्या लाइनीवर तो इंजिन ड्रायव्हर होता. पण त्र्याण्णव साली डोळ्यांच्या तपासणीत तो नापास झाला. साहेबांनी त्याला इंजिनावरून उतरवून गोदामात बसवलं. पगार चालू राहिला, पण हात रिकामे झाले. जेवताना पाट सरकवायचा तरी तो इंजिनाचा दांडा ओढल्यासारखा ओढायचा. त्याची बायको चतुराबाई म्हणायची, “हे माणूस घरात बसून बी ड्युटीवरच हाय.”

मग त्यानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून गाडी केली. टेपरेकॉर्डरची मोटर इंजिनात बसवली, पट्ट्यांचे रूळ केले आणि सगळ्या पडवीभर फिरवले. शेवटी मला तासायला घेतलं. मुठीत बराबर मावावं म्हणून त्यानं मला कितीदा कानशीनं घासलं असेल! पितळ जुन्या स्टोव्हचं. खऱ्या इंजिनासारख्या माझ्या दांडीला त्यानं आठ खाचा पाडल्या. माझ्या पोटातलं काम मात्र वारंगा फाट्यावरच्या गोपीचंदनं केलं. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं.

गोपीचंद म्हणाला, “एक बटन देतो बसवून. दाबलं की पळंल, सोडलं की थांबंल.”

“तसलं नको,” नेमसिंग म्हणाला. “दांडी ओढली की गाडीनं हळूहळू जोर धरावा. अन् ब्रेक लावला तरी झटक्यात थांबू नये. खरी गाडी माणसाचं लगेच ऐकत न्हाई.”

गोपीचंदनं डोकं खाजवलं, पण दोन आठवडी बाजारांनंतर त्यानं ते जमवून दिलं. बॅटरीची तार जोडली, आणि पत्र्याची गाडी पडवीतून अशी जड पावलांनी निघाली, की चतुराबाई हातातलं पीठ विसरून बघत राहिली.

तेव्हा नेमसिंगची मुलगी दिपा तिसरीत होती. मित्रांनो, खूप हातांनी मला धरलं, पण दिपासारखा हात दुसरा नाही. बाकीची लेकरं माझी दांडी खसकन ओढत आणि गाडी वळणावर उलटे. दिपा दांडी एक एक खाच पुढे सरकवायची. नेमसिंग भिंतीला टेकून, डोळे मिटून, नुसत्या आवाजावर तिला शिकवायचा.

“आता बसमत सुटलं. चढ लागंल, जोर दे. अगं, एवढा न्हाई. मागं माणसं बसलीत, त्यांच्या हातातला चहा सांडंल.”

“बा, मागं तर रिकामं हाय,” ती हसायची.

“रिकामं समजून चालवलीस तर ड्रायव्हर होणार न्हाईस.”

ते ‘ड्रायव्हर होणार’ तो सहज बोलून गेला. तिनं मात्र ते मनात ठेवलं.

दिपा दहावीत होती, त्या वर्षी हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात आमची गाडी मांडली. पाळण्याजवळची गर्दी आमच्याकडे सरकली. त्या दिवशी मला कितीजणांनी ‘वा’ म्हटलं! गर्दीत इंजिन ड्रायव्हरांना शिकवणारे एक म्हातारे साहेब होते. त्यांनी दिपाला गाडी थांबवताना बघितलं आणि नेमसिंगला म्हणाले, “हिचा हात हलका आहे. बारावीनंतर आयटीआय करू द्या. आता मुलीही इंजिनावर येऊ लागल्यात.” परत येताना बसमध्ये नेमसिंग मला मांडीवर घेऊन बसला होता. ज्याला त्याला सांगत होता, “माझ्या पोरीला साहेबानं नावाजलं.” इतका आनंदी मी त्याला पुन्हा कधी पाहिला नाही.

पण बारावी झाली आणि दिपानं खरंच आयटीआयचं विचारलं, तेव्हा त्याचा चेहरा बदलला.

“न्हाई,” तो म्हणाला.

“काहून?”

“बाईमाणसाचं काम न्हाई ते.”

“मंग मला शिकवलंस काहून, बा? इतकी वर्षं?”

“खेळ होता तो. खेळाचा खेळ.”

दिपानं माझी तार काढली, वेटोळं करून माझ्याभोवती गुंडाळली आणि मला त्याच्यासमोर ठेवलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं मला अगदी हलक्या हातानं ठेवलं, आणि त्यानंतर कधीच उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. नेमसिंगनं मला हातात घेतलं आणि तो माझ्याशीच बोलू लागला. तो इंजिनावर असताना, कन्हेरगावच्या अलीकडे एका वळणावर, सरपणाची मोळी घेतलेली एक बाई रुळावर आली होती. त्यानं हॉर्न दिला, ब्रेक लावला. गाडी थांबली, पण तिला ओलांडून. गार्ड खाली उतरला, ती गेली हे पाहून, ती कुठली ते लोकांना विचारून आला. नेमसिंग जागचा हललासुद्धा नाही. “मी इंजिनातून उतरलोच न्हाई रे,” तो मला म्हणाला. “ही तकलीफ माझ्या लेकराच्या वाट्याला नको.” मग तो लहान मुलासारखा रडला. मला ट्रंकेत तळाशी घातलं आणि कडी लावली.

मित्रांनो, खरं कारण त्या घरात नेमसिंगखेरीज फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं. याचं दुःख मला आजही आहे.

दिपाचं लग्न झालं. ती कुरुंद्याला हळदीच्या शेतात राबू लागली. सणाला माहेरी यायची, बापाला जेवायला वाढायची, तब्येत विचारायची. आयटीआयचं नाव पुन्हा तिनं काढलं नाही, आणि त्यानंही नाही. मी ट्रंकेत पडून राहिलो. पितळ हिरवं पडलं, तारेचं रबर उंदरांनी कुरतडलं. पुढं छोटी लाइन बंद पडली, जुने रूळ उखडले आणि मोठे आले. पहिल्या मोठ्या गाडीचा आवाज मी ट्रंकेतूनच ऐकला.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी एका उन्हाळ्यात चतुराबाईनं ट्रंक उन्हात उघडली. दिपा माहेरी आली होती. गोधड्यांखालून तिनं मला काढलं आणि दांडी ओढून पाहिली. दांडी जागची हलेना. तिनं गोडं तेल सोडलं, पदरानं पुसलं, पुन्हा ओढलं. खट्ट असा आवाज झाला. बाजेवर बसलेल्या नेमसिंगला आता जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. पण तो आवाज ऐकून त्यानं मान वळवली.

“दिपे, ते हँडल हाय का?”

“व्हय, बा.”

मग त्यानं ती बाई, ती मोळी, ते वळण, सगळं सांगितलं. “तुला असलं काही बघायला लागू नये म्हणून मी आडवा आलो. दुसरं काही न्हाई, बाई.”

चतुराबाई दारातच खाली बसली. इतक्या वर्षांत तिलाही हे कळलं नव्हतं.

दिपानं मला मांडीवर ठेवलं. “बा,” ती म्हणाली, “मला भ्या वाटलं असतं का न्हाई, ते मला इचारायचं होतंस. मी इतकी वर्षं समजून राहिले, की तुला माझी लाज वाटली.”

“लाज?” नेमसिंग म्हणाला. “अगं, तुझ्यासारखा हात लाइनीवर एकाचाबी न्हवता.”

“हे तवाच सांगायचं होतंस.”

व्हय, चुकलं, एवढंच तो पुटपुटला.

मग दिपानं विचारलं, “ती बाई कोण व्हती?”

“ठाव न्हाई. नाव ऐकायची हिंमतच झाली न्हाई.”

“गाव तरी ठाव हाय?”

“हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाप-लेक निघाले. दिपानं त्याचा हात धरला होता. दिपानं मला ठेवलं होतं त्या फळीवरून मी त्यांना फाट्याकडे जाताना पाहिलं. ते परतले तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. चतुराबाईनं पाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, “सापडलं का घर?”

“सापडलं,” दिपा म्हणाली. “पारुबाई नाव व्हतं तिचं. तिचा पोरगा शेतात व्हता, त्याला घरी बोलावून घेतलं. बानं त्याला सगळं सांगितलं. त्यानं समदं ऐकून घेतलं. मंग घरात गेला अन् बाला पाणी घेऊन आला.”

नेमसिंग बाजेवर बसला. “पारुबाई,” तो हळूच म्हणाला. मग पुन्हा एकदा म्हणाला.

मित्रांनो, दिपानं माझी दांडी मोकळी केली, पण माझ्या पोटातलं काम गंजून गेलं आहे. माझ्यानं आता गाडी चालवली जाणार नाही. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तू अधूनमधून उघडून पाहा, त्यांना तेलपाणी करा. आणि कुणाला ‘नाही’ म्हणायची वेळ आली, तर त्यामागचं खरं कारणही त्याच दिवशी सांगा. नेमसिंगची माया खरी होती. पण ती दिपापर्यंत पोहोचली, तेव्हा तिचं रेल्वेत भरती व्हायचं वय निघून गेलं होतं.