लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर

"आई, फोन बाबांना दे."

"ते कामात आहेत गं."

"आज रविवार आहे!"

"मग? पंपांना कुठला आलाय रविवार?"

वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर मांडी घालून बसलेल्या टकळीने कपाळावर हात मारून घेतला. टकळी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. दीड वर्षाची असताना तोंड उघडलं ते पुन्हा मिटलंच नाही, म्हणून बाबांनी ठेवलेलं. पुढे शाळेत, कॉलेजात, सगळीकडे तेच चिकटलं. आणि आता ही टकळी विद्यार्थी-अदलाबदल योजनेतून एका सत्रासाठी थेट परदेशात आली होती, भाषाशास्त्र आणि इतिहास शिकायला! पंप दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. घराण्यात पासपोर्ट पहिल्यांदा आला तेव्हा आईने तो कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली ठेवला होता.

तीन महिने झाले तरी टकळीचं नवल ओसरलं नव्हतं. विद्यापीठाच्या तळघरात आवाजांचा दप्तरखाना होता. तिथे शंभर वर्षांपूर्वीचे कोष्टी, नावाडी, सुईणी आपापल्या बोलीत आपापलं काम सांगत होते. माणसं गेली, काही बोलीही गेल्या, पण आवाज डब्यांत जपून ठेवलेला. पहिल्या दिवशी टकळीने कानाला यंत्र लावलं आणि एक म्हातारी दोर कसा वळायचा ते सांगू लागली. शब्द एक कळेना, पण टकळीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "अगं, किती भारी!" ती शेजारच्या मुलीला आपल्याच भाषेत म्हणाली, तेही असं ठणठणीत की दारावरचा पहारेकरी आत डोकावून गेला.

आवाजाबद्दल ती तिथे रोज बोलणी खायची. तिचा तरी काय दोष? घराला लागूनच बाबांचं वर्कशॉप. दिवसभर एखादा तरी पंप घरघरत असायचा, त्यामुळे त्यांच्या घरात 'मीठ दे' हेसुद्धा ओरडूनच सांगायची पद्धत होती.

सगळं झकास चाललं होतं. सल होता तो एकच. बाबा तिच्याशी बोलत नव्हते.

निघाली त्या दिवशी ते विमानतळावर आले होते. सामान ढकललं, पाठीवर हात ठेवला आणि वळून चालू लागले. काचेच्या दारातून टकळीने हाक मारली, "बाबा!" मग आणखी मोठ्याने, "बाबा!" चार परकी माणसं वळली, बाबा काही वळले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक रविवारी फोनवर आईच. टकळीने मनाशी पक्कं केलं की बाबांना तिचं जाणं आवडलेलं नाही. कॉलेजची चार वर्षंही ती बाहेरगावीच होती. सुटीत घरी आली की बोलणारी ती आणि मान डोलावणारे ते. आता एकुलती एक मुलगी समुद्रापलीकडे गेली, राग येणारच.

तेवढ्यात आली परिसंवादाची वेळ, प्रत्येकाने वर्गापुढे एक विषय मांडायचा. इतिहास शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, बॉयकटच्या, आणि मनात येईल ते तोंडावर बोलणाऱ्या. टकळीने त्यांना मोठ्या हौसेने राजे, लढाया आणि तहनामे असा चाळीस पानांचा आराखडा नेऊन दिला. बाईंनी दोन पानं उलटून तो परत केला.

"हे सगळं पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ते आण. तुझ्या घरी काय काम चालतं?"

"पंपदुरुस्ती."

"कशी करतात?"

मग काय, टकळी सुटली! बाबा बिघडलेल्या पंपाला लगेच हात घालत नाहीत. लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घेतात, टोक पंपाच्या अंगावर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटून ऐकतात. कुरकुर म्हणजे ग्रीस संपलं. खरखर म्हणजे बेअरिंग. घुमतोय म्हणजे हवा धरलीय. बाराखडीआधी ती हे आवाज शिकली होती. पंचक्रोशीतल्या लोकांनी शहरातून इंजिनिअर आणावेत, त्यांनी पंप उघडून पसारा मांडावा, आणि शेवटी बाबांनी न उघडता दोष सांगावा, असं कितीदा झालेलं.

बाईंचे डोळे चमकले. "हे थेट पडद्यावर दाखव. या सत्रातली दोनच कामं दप्तरखान्यात जातील. चांगलं झालं तर तुझे वडील कायमचे तिथे राहतील."

कायमचे! टकळी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेली आणि आईला फोन लावला.

"गुरुवारी. तुमच्याकडे दुपार असेल. फोन तू धरायचास. बाबांना म्हणावं, माझ्याशी बोलू नका हवं तर, पण पंपाशी बोला!"

आईने आधी गॅस बारीक केला. मग म्हणाली, "विचारून बघते."

"आई, ते रागावलेत ना माझ्यावर?"

"काहीतरीच काय! ठेव आता, दूध उतू जाईल."

गुरुवारी वर्गात वीस जण, मागे बाई, आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर, चक्क चार माणसांच्या उंचीचे, बाबा! इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, मागे भिंतीवर ओळीने टांगलेले पाने. तिने वर्गाला आधीच सगळं समजावून ठेवलं होतं. आता हे मूठ कानाला लावतील, नीट बघा.

"बाबा, करा सुरुवात!"

बाबा समोर बघत उभे. फोनमागून आईचा हात आला आणि त्यांच्या दंडाला टोचला. तसे ते हलले.

"नमस्कार मंडळी," बाबा गरजले. पहिल्या बाकावरच्या दोघांनी कानावर हात ठेवले. "हा पाच हॉर्सचा पंप. काल आलाय. मालक म्हणतो पाणी कमी फेकतो. आपण त्यालाच विचारू."

वर्ग हसला. टकळी भराभर भाषांतर करत होती, आनंदाने तिचे गाल तापले होते. बाबांनी बटण दाबलं. पंप सुरू झाला. त्यांनी आधी तळहात फिरवला, गरम कुठे लागतं ते पाहिलं. मग लांब स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक बेअरिंगच्या जागी टेकवलं, खाली वाकले आणि मूठ दातांत धरली.

टकळी भाषांतर करता करता थांबली. हे काय नवीन?

बाबा डोळे मिटून उभे होते. जबडा घट्ट, कपाळावर एक आठी. त्यांनी टोक दोन बोटं डावीकडे सरकवलं, पुन्हा चावलं. मग मूठ तोंडातून काढून शर्टाला पुसली.

"मागचं बेअरिंग गेलंय. आणि आत पंख्याचं एक पातं तुटलंय. उघडून दाखवतो."

दहा मिनिटांत पंप उघडला. बेअरिंगमधल्या गोळ्या झिजलेल्या. पंख्याचं एक पातं तुटलेलं. वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. बाबा मात्र हातातल्या पात्याकडेच बघत होते.

मागून बाईंनी विचारलं, "तू तर कान म्हणाली होतीस. दात का?"

टकळीने प्रश्न विचारला. बाबा हसून समोर बघत राहिले. तिने ओरडून विचारला. तरी तेच. मग फोन कशालातरी टेकवून आई चौकटीत आली, बाबांच्या डाव्या कानाला तोंड लावून काहीतरी म्हणाली.

"अच्छा, ते होय," बाबा म्हणाले. "कान गेले ना माझे. चार वर्षं झाली. आत बारीकसं हाड असतं म्हणे, ते जाम झालंय. पण दातांना अजून ऐकू येतं."

वीस जण टकळीकडे बघत होते. काय म्हणाले, काय म्हणाले? आणि आयुष्यात पहिल्यांदा टकळीच्या तोंडून शब्द फुटेना. चार वर्षं. चार वर्षांच्या सगळ्या सुट्या, तिच्या सगळ्या गप्पा, आणि ते नुसती मान डोलावत होते. काचेचं दार. दोन हाका.

मग तिने एकेक शब्द जपून सांगितला. बाई उठून पुढे आल्या आणि तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"तुला कळलं तर तू जायची नाहीस, म्हणून शपथ घातली होती गं मला," पडद्यावरून आई म्हणाली. "ऑपरेशन तू परत आल्यावर करू म्हणतात." बाबा तिच्याकडे बघून विचारत होते, "काय झालं? चुकलं का काही?"

टकळीने जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. मग दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवायला लागली, त्यांना दिसाव्यात म्हणून. एकेक करत सगळ्या वर्गाने हात वर घेतले. ते बघून बाबांनी शर्टाची कॉलर नीट केली.

दप्तरखान्यात त्या सत्रातलं पहिलं काम त्यांचंच गेलं. डब्यावर चिठ्ठी टकळीने स्वतःच्या हाताने लिहिली, व्यवसायापुढे 'पंपदुरुस्ती' आणि त्यापुढे 'ऐकणारा'. बाईंनी ते खोडलं नाही.

रविवारी तिने फोन लावला.

"आई, कशी आहेस? आणि बाबांना सांग—"

"थांब, तूच सांग. त्यांनी सोय केलीय."

खुडबुड झाली. फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग अगदी जवळून, पलीकडच्या फोनच्या जाळीवर काहीतरी धातूचं टेकलं. टक्.

टकळीला कळलं. ती खिडकीच्या कट्ट्यावर पाय वर घेऊन बसली, आणि आज मुळीच न ओरडता म्हणाली, "बाबा?"

मूठ दातांत धरलेला माणूस बोलणार तरी कसा?

"हूं," पलीकडून आलं.

मग टकळीने अगदी पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.